घोडे मुंबईत, मैदान घाटापलीकडे

२००० सालच्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये मुंबईचे इम्तियाज अनीस ‘स्प्रिंग इन्व्हेडर’ या घोड्यावर इव्हेंटिंगच्या स्पर्धेत उतरले आणि तेविसावे आले. पुढची चार ऑलिम्पिकं भारतीय घोडेस्वाराविना गेली. मग २०२१मध्ये टोकियोला बंगळूरुचा फवाद मिर्झा पोहोचला. त्याचाही खेळ इव्हेंटिंग आणि त्याचाही क्रमांक तेविसावा. एकवीस वर्षांत ऑलिम्पिकच्या घोडेस्वारीत भारताचे हे दोनच स्वार, आणि त्यातला पहिला मुंबईचा.

तरीही मुंबईकराला घोडा म्हटलं की महालक्ष्मीची रेस आठवते, लग्नाची वरात आठवते, फार तर मे महिन्यात माथेरानला केलेली रपेट. घोडेस्वारीतला सर्वांत अवघड समजला जाणारा हा खेळ काय आहे, तो कसा खेळतात, त्याची स्पर्धा भरवायची तर काय काय जमवावं लागतं, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगितलेलं नाही. या शहरात घोडे आहेत, घोड्यांचे डॉक्टर आहेत, दीडशे वर्षांची परंपरा आहे. कमी आहे ती एका गोष्टीची, आणि तिच्याबद्दल बोलण्याची वेळ आत्ताच आहे.

इव्हेंटिंगमध्ये एकच स्वार आणि एकच घोडा तीन वेगवेगळ्या परीक्षा देतात. पहिली ड्रेसाज. साठ मीटर लांब आणि वीस मीटर रुंद रिंगणात ठरलेल्या हालचाली ठरलेल्या क्रमानं करून दाखवायच्या. घोडा कदम चालीवरून दुडक्या चालीवर, तिथून दौडीवर जातो, वर्तुळं घेतो, जागच्या जागी थांबतो. स्वार हे सगळं त्याच्याकडून मांडीच्या दाबानं, बैठकीनं आणि लगामाच्या हलक्या इशाऱ्यानं करून घेतो. दुसरी परीक्षा क्रॉस-कंट्रीची. मोकळ्या रानात, चढउतारांवर, पक्क्या रोवलेल्या अडथळ्यांवरून आणि पाण्यातून भरधाव जायचं, तेही ठरलेल्या वेळेत. तिसरी शो-जम्पिंगची. इथे अडथळ्यांच्या दांड्या नुसत्या कपात टेकवलेल्या असतात, घोड्याचा खूर लागला की खाली पडतात.

तिन्ही परीक्षांचे गुण दंडाच्या रूपात एकत्र होतात आणि ज्याचा दंड सर्वांत कमी तो जिंकतो. टोकियोमधल्या फवादच्या आकड्यांवरून हा हिशेब लगेच कळतो. ड्रेसाजमध्ये परीक्षक प्रत्येक हालचालीला दहापैकी गुण देतात, त्यांची टक्केवारी काढतात आणि ती शंभरातून वजा करतात. फवादला ७२ टक्के मिळाले, म्हणजे दंड २८.००. त्यानंतर क्रॉस-कंट्रीची ठरलेली वेळ ७ मिनिटं ४५ सेकंद होती. त्याचा घोडा सेन्योर एकाही अडथळ्यावर अडला नाही, पण २८ सेकंद उशीर झाला. प्रत्येक जादा सेकंदाला ०.४ दंड, म्हणून ११.२० वाढले आणि बेरीज ३९.२० झाली. शो-जम्पिंगमध्ये पडलेल्या प्रत्येक दांडीला ४ दंड असतात. पहिल्या फेरीत ८ दंड पडले, तरी पहिल्या पंचविसात राहून तो अंतिम फेरीत गेला. तिथे दांड्या आणि वेळ मिळून आणखी १२.४० जमा झाले. अखेरचा आकडा ५९.६०. सगळ्या दुनियेसमोर अर्धा मिनिट उशीर झाला तर तो कुठे आणि किती महागात पडतो, हे या बेरजेत स्वच्छ दिसतं.

या तीन परीक्षा एकत्र का आल्या, याचं उत्तर लष्करात आहे. घोडदळाच्या अधिकाऱ्याचा घोडा संचलनात शिस्तीनं चालला पाहिजे, निरोप घेऊन रानावनातून वेगानं गेला पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला उभा राहिला पाहिजे. ही सारी कसोटी एका स्पर्धेत बांधली गेली. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला तेव्हा त्यात फक्त लष्करी अधिकारी उतरत. नागरिकांना १९५२ साली प्रवेश मिळाला आणि १९६४मध्ये, तेही टोकियोलाच, पहिली स्त्री या खेळात उतरली. आज स्त्री आणि पुरुष एकाच स्पर्धेत, एकाच मार्गावर, एकाच यादीत खेळतात. ऑलिम्पिकमधल्या फार थोड्या खेळांना हे सांगता येईल.

या खेळाचा प्राण क्रॉस-कंट्रीत आहे. अडथळ्याच्या उजव्या बाजूला लाल झेंडी, डाव्या बाजूला पांढरी. त्या दोहोंच्या मधूनच उडी गेली पाहिजे. ओंडके, खंदक, गवताचे बांध, तळ्यात उतरणारी पायरी, पाण्यातून बाहेर पडल्याबरोबर समोर येणारी चिंचोळी भिंत असे अडथळे एकामागून एक येतात. कठीण अडथळ्यांना बहुधा दोन वाटा ठेवलेल्या असतात. सरळ वाट अवघड पण झटपट, वळशाची वाट सोपी पण वेळ खाणारी. आपल्या घोड्याची ताकद, त्याचा त्या दिवशीचा मूड, गेलेला वेळ हे सगळं पाहून स्वाराला धावत्या घोड्यावर निर्णय घ्यावा लागतो.

आणि घोड्यानं तो मार्ग आधी पाहिलेला नसतो. नियमच तसा आहे. स्पर्धेआधी स्वार एकटा, पायी, दोन-तीनदा मार्ग फिरून येतो. मार्ग मोजायचं चाक घेऊन अंतर मोजतो. दोन अडथळ्यांमधलं अंतर पावलांनी मोजतो, कारण दौडीतल्या घोड्याची एक ढांग साधारण साडेतीन मीटरची, म्हणजे माणसाची चार पावलं. सकाळी नऊ वाजता ऊन कुठून येईल, झाडाची सावली पाण्यावर पडून घोडा बिचकेल का, हे तो पाहून ठेवतो. घोडा उडी घेतो तो केवळ पाठीवरच्या माणसावर विश्वास ठेवून. म्हणूनच या खेळात पदकावर घोड्याचंही नाव असायला हवं, असं घोडेवाले म्हणतात, ते खरं आहे.

घोडा अडथळ्यावर पहिल्यांदा अडला तर २० दंड. त्याच अडथळ्यावर पुन्हा अडला तर आणखी ४०, आणि तिसऱ्यांदा अडला की बाद. स्वार पडला किंवा घोडा पडला तर लगेच बाद. पडलेला स्वार पुन्हा मांड ठोकून पुढे निघाला, असं पूर्वी दिसे. आता ते चालत नाही आणि त्यामागे दुःखद कारण आहे. १९९९ या एका वर्षात ब्रिटनमध्ये इव्हेंटिंगच्या मैदानावर पाच स्वार मृत्युमुखी पडले. घोडा पक्क्या ओंडक्याला अडखळून कोलांटी खातो आणि स्वार त्याच्याखाली येतो, हा सर्वांत घातक अपघात. त्यानंतर ठरावीक जोराचा धक्का बसला की मोडणाऱ्या पिना अडथळ्यांना लावायला सुरुवात झाली. पिन मोडली तर ११ दंड, पण जीव वाचतो. छातीचं संरक्षक जाकीट आणि हेल्मेट सक्तीचं आहे, आणि स्वाराच्या दंडाला त्याच्या आरोग्याची माहिती असलेली पट्टी बांधलेली असते.

आता स्पर्धा भरवण्याकडे वळू, कारण या खेळाचा पाया तिथे आहे. ऑलिम्पिकचा स्वार एकदम ऑलिम्पिकमध्ये जन्मत नाही. तो आधी शहराच्या क्लबात, मग विभागीय स्पर्धेत, मग कनिष्ठ राष्ट्रीय आणि राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत घडतो. १९६७मध्ये स्थापन झालेला भारतीय घोडेस्वारी महासंघ, म्हणजे इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडिया, देशभरच्या शहरांत ‘रीजनल इक्वेस्ट्रियन लीग’ भरवतो. महालक्ष्मीच्या मैदानावरही या लीगच्या फेऱ्या झाल्या आहेत. ड्रेसाज किंवा शो-जम्पिंगची विभागीय फेरी भरवायला चांगल्या वाळूचं एक रिंगण, सरावाला दुसरं रिंगण, तबेले आणि परीक्षक एवढ्यावर भागतं. इव्हेंटिंगचं तसं नाही.

इव्हेंटिंगचा आयोजक सगळ्यात आधी मार्ग आखणारा तज्ज्ञ शोधतो. जमिनीचा चढउतार, मातीचा कस, पावसाचं पाणी कुठे साचतं, हे पाहून तो मार्ग बसवतो. पहिले दोन-तीन अडथळे सोपे ठेवायचे, म्हणजे नवख्या घोड्याला आत्मविश्वास येतो. प्रश्न विचारायचे ते मधल्या टप्प्यात. शेवटचा अडथळा पुन्हा साधा, कारण तोवर घोडा दमलेला असतो. आंतरराष्ट्रीय पातळीवर सर्वांत खालच्या, एक तारा वर्गात पक्क्या अडथळ्याची उंची १०५ सेंटिमीटर आणि सर्वांत वरच्या, पाच तारा वर्गात १२० सेंटिमीटर. उंचीत फरक वीतभराचाही नाही. फरक पडतो तो वेगाचा, लांबीचा आणि अडथळ्यांच्या मांडणीचा. विभागीय पातळीवर मुलांचे आणि नवशिक्यांचे वर्ग याहूनही बरेच खाली असतात. मार्ग तयार झाला की तांत्रिक प्रतिनिधी तो स्वतः फिरून तपासतो आणि सुरक्षित वाटला नाही तर अडथळा काढायला लावतो. इथे आयोजकाचं काही चालत नाही आणि चालू नये.

मग माणसं. इव्हेंटिंगला माणसं लागतात ती अशी की एखाद्या गावच्या यात्रेचीच आठवण यावी. प्रत्येक अडथळ्यापाशी एक पंच आणि त्याचा एक मदतनीस बसतो. समोरून घोडा आला, गेला, अडला की वळला, एवढंच त्यानं कागदावर नोंदवायचं, पण ते अचूक. स्वारांना काही मिनिटांच्या अंतरानं सोडतात, त्यामुळे एका वेळी मार्गावर तीन-चार घोडे असतात. मध्यभागी बसलेला नियंत्रक वायरलेसवर प्रत्येकाचा ठावठिकाणा ठेवतो. बाराव्या अडथळ्यावर कुणी पडलं तर आठव्यावर पोहोचणाऱ्या घोड्याला लाल झेंडा दाखवून थांबवायचं, त्याची थांबलेली वेळ सेकंदापर्यंत मोजायची आणि नंतर वजा करायची. डॉक्टर आणि रुग्णवाहिका मैदानावर हजर पाहिजे. ती जखमीला घेऊन बाहेर गेली तर दुसरी येईपर्यंत स्पर्धा थांबते. पशुवैद्य, घोडा उचलून नेणारं वाहन, जखमी घोडा झाकण्यासाठी पडदा, नालबंद, गुण मोजणारे, निकाल लावणारे, पाण्याची सोय पाहणारे. उन्हाळ्यात एक घोडा दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी सहज पितो, चाळीस घोडे असले तर टँकरचाच हिशेब करावा लागतो.

यातली बहुतेक माणसं पगारी नसतात. इंग्लंडात गावातले निवृत्त शिक्षक, शेतकरी, कॉलेजची मुलं सकाळी डबा घेऊन अडथळ्याशेजारी खुर्ची टाकून बसतात आणि त्यांच्याच जिवावर तिथले शनिवार-रविवार चालतात. भारतात हे काम आजवर मुख्यतः लष्कराच्या जवानांनी केलं आहे. ज्या शहराला गणेशोत्सवात लाखोंची रांग हाताळणारे स्वयंसेवक मिळतात, लालबाग-परळमधल्या मंडळांची ती शिस्त ज्यांनी पाहिली आहे, त्यांना त्या मुंबईत अडथळ्यांवर बसायला माणसं मिळणार नाहीत, असं कुणी सांगितलं तर पटणार नाही.

घोड्यांची तपासणी हा वेगळाच अध्याय. प्रत्येक घोड्याचा पासपोर्ट असतो. त्यात लसीकरणाच्या नोंदी असतात, शरीरावरच्या खुणांचं चित्र असतं. भारतात ग्लँडर्स या जिवाणूजन्य रोगाची धास्ती मोठी, कारण तो घोड्यावरून माणसालाही होतो. त्याची रक्तचाचणी निर्दोष आल्याशिवाय घोडा दुसऱ्याच्या तबेल्याजवळ न्यायचा नसतो. मोठ्या स्पर्धेत सुरुवातीला, आणि क्रॉस-कंट्रीच्या दुसऱ्या दिवशी शो-जम्पिंगआधी, घोड्याला पंचांसमोर लगामाला धरून दुडक्या चालीनं पळवून दाखवावं लागतं. जराही लंगडला तर घरी. एका-दोन दिवसांच्या विभागीय स्पर्धांत बहुधा क्रम बदलतात: शो-जम्पिंग आधी आणि क्रॉस-कंट्री शेवटी, म्हणजे दमलेल्या घोड्याला दांड्यांवरून न्यावं लागत नाही.

या सगळ्यात ज्यांचं नाव कुठेच छापून येत नाही ते मोतद्दार. पहाटे उठून चंदी देणारे, खरारा करणारे, स्पर्धेनंतर घोड्याच्या अंगावर बर्फाचं पाणी ओतून त्याचा श्वास जाग्यावर येईपर्यंत त्याला फिरवत ठेवणारे. घोड्याचा पाय गरम लागतो की नाही, हे पशुवैद्याआधी त्यांच्या तळहाताला कळतं. विभागीय स्पर्धेच्या बक्षीससमारंभात उत्कृष्ट मोतद्दाराला बक्षीस देण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती प्रत्येक ठिकाणी असली पाहिजे.

मुंबईचं घोड्याशी नातं रेसकोर्सपेक्षा बरंच रुंद आहे. ९ मे १८७४ रोजी या शहरात ट्राम सुरू झाली ती घोड्यांनी ओढलेली. कुलाब्याहून पायधुणीला आणि बोरीबंदरहून पायधुणीला ती जाई. स्टर्न्स अँड किटरेज या कंपनीच्या तबेल्यात पुढे नऊशे घोडे होते. १९०५मध्ये घोड्यांची ट्राम बंद झाली आणि १९०७मध्ये विजेची आली. शर्यती आधी भायखळ्याला होत. महालक्ष्मीच्या सखल, पाणथळ जमिनीवर रेसकोर्स उभा राहिला तो १८८३ साली, मेलबर्नच्या कॉलफील्ड रेसकोर्सचा नमुना समोर ठेवून. तीन वर्षांनी, १८८६मध्ये, परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आजही परळचं ते आवार, आणि त्यातलंच बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचं रुग्णालय, महालक्ष्मीपासून फार लांब नाही. इव्हेंटिंगच्या स्पर्धेला पशुवैद्यांची फौज लागते, आणि ती घडवणारी जागा शहराच्या मध्यात उभी आहे, ही गोष्ट आयोजकांच्या पथ्यावर पडणारी आहे.

रस्त्यावरचा घोडा मात्र हळूहळू दिसेनासा झाला. २०१५मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं व्हिक्टोरिया गाड्या बंद करायला सांगितलं. सिमेंटच्या रस्त्यावर, गाड्यांच्या धुरात, अपुऱ्या पाण्यावर त्या घोड्यांचे हाल होत होते, त्यामुळे तो निकाल योग्यच होता. १९३२मध्ये मोडलेलं मुंबई पोलिसांचं घोडदळ २०२०च्या प्रजासत्ताकदिनी शिवाजी पार्कवर पुन्हा संचलनात आलं, तेव्हा दादरकरांनी गर्दी केली. घोडा या शहराला अजून आवडतो. तो पाहायला मिळण्याच्या जागा तेवढ्या कमी झाल्या.

अशी एक जागा म्हणजे रेसकोर्सच्या आवारातला अमॅच्युअर रायडर्स क्लब. १९४२मध्ये सुरू झालेला हा क्लब मुंबईत घोड्यावर बसायला शिकवतो, शो-जम्पिंग, ड्रेसाज आणि पोलो खेळवतो. अशा क्लबांतले बरेच घोडे शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड असतात. चार-पाच वर्षांचा घोडा शर्यतीत मागे पडू लागला की त्याचं पुढे काय, हा रेसच्या धंद्यातला अवघड प्रश्न आहे. त्याला पुन्हा शिकवून, सावकाश चालायला आणि मान सोडायला लावून मुलांच्या घोडेस्वारीसाठी तयार करणं हे त्यावरचं एक चांगलं उत्तर. त्यात इव्हेंटिंगला थरोब्रेड मुळातच मानवतो, कारण दम आणि वेग त्याच्या रक्तात असतो.

मराठ्यांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार होते. बारगीराला घोडा सरकारी पागेतून मिळे, शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येई. मुंबईतल्या आजच्या मुलांचीही हीच विभागणी आहे. बहुसंख्य मुलं क्लबच्या घोड्यावर शिकणारी, म्हणजे बारगीर. स्वतःचा घोडा पोसणारे शिलेदार थोडे, कारण तबेल्याचं भाडं, चंदी, गवत, नालबंद, पशुवैद्य आणि मोतद्दाराचा पगार हा खर्च वर्षाचे बारा महिने चालू राहतो, घोडा स्पर्धेत उतरो न उतरो. ज्या विभागीय स्पर्धांत क्लबच्या घोड्यांवर बसणाऱ्यांसाठी वेगळा वर्ग ठेवतात, तिथे मध्यमवर्गीय घरातली मुलं दिसतात. हा वर्ग वाढला तरच खेळ वाढेल. शिवाजी महाराजांच्या घोडदळात बारगीरांचं स्थान मोठं होतं, हे आयोजकांनी विसरू नये.

एवढं सगळं असताना मुंबईतून इव्हेंटिंगचे स्वार भराभर का घडत नाहीत? मुंबईने स्वार दिलेच नाहीत असं नाही. २०२३च्या हांगचौ आशियाई स्पर्धेत भारताला ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण मिळालं. घोडेस्वारीतलं ते भारताचं ४१ वर्षांनंतरचं सुवर्ण होतं आणि त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. ड्रेसाज वाळूच्या रिंगणात शिकता येतं. उडीचा सरावही रिंगणात होतो. क्रॉस-कंट्रीला मात्र जमीन लागते. चढ लागतो, उतार लागतो, पाणी लागतं, सलग दीड-दोन किलोमीटर मोकळी धाव लागते. मुंबईच्या मुलाला ते हवं असेल तर घोडा व्हॅनमध्ये चढवून घाट ओलांडावा लागतो.

देशातलं इव्हेंटिंग आजवर लष्कराच्या आवारांत आणि मोजक्या मोठ्या खासगी केंद्रांत वाढलं: मेरठ, दिल्ली, जयपूर, बंगळूरु. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत इव्हेंटिंगचं वैयक्तिक सुवर्ण ‘शाहजादा’वर रघुबीर सिंग यांनी जिंकलं, तेव्हा ते ६१व्या घोडदळात होते. सांघिक सुवर्णही लष्कराच्याच स्वारांचं. त्यानंतर ३६ वर्षांनी, २०१८ला जकार्तात, फवाद मिर्झानं वैयक्तिक रौप्य मिळवलं, आणि सांघिक रौप्य मिळवणाऱ्या संघातले त्याचे सोबती राकेश कुमार, आशिष मलिक आणि जितेंदर सिंग होते. मराठी नावंही आता या यादीत येऊ लागली आहेत. हांगचौच्या इव्हेंटिंग संघात अपूर्व दाभाडे आणि आशिष लिमये होते. डिसेंबर २०२५मध्ये थायलंडमधल्या पटायाला झालेल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत लिमयेनं ‘विली बी डन’ या घोड्यावर इव्हेंटिंगचं वैयक्तिक सुवर्ण जिंकलं. क्रिकेटच्या गदारोळात या बातमीला मिळायला हवी होती तेवढी जागा मिळाली नाही.

वरच्या पातळीवरच्या भारतीय स्वाराला युरोपात राहावं लागतं, त्याचं एक कारण रोगराईचं आहे. भारतातला घोडा परदेशी स्पर्धेला नेऊन परत आणणं अतिशय किचकट, त्यामुळे आपले स्वार तिकडचा घोडा घेऊन तिकडेच सराव करत आले. आफ्रिकन हॉर्स सिकनेस या जीवघेण्या रोगापासून भारत २०१४ पासून मुक्त मानला जातो. २०२५च्या जुलैमध्ये मेरठ छावणीतल्या लष्करी पशुवैद्यकीय केंद्राला ‘घोड्यांच्या रोगांपासून मुक्त कक्ष’ अशी जागतिक प्राणी आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. देशातला असा हा पहिलाच कक्ष. इथल्या घोड्यावर बसून बाहेर खेळायची वाट यामुळे उघडली आहे. अशा वेळी देशात विभागीय स्पर्धा किती आणि कुठे होतात, याला पूर्वीपेक्षा जास्त महत्त्व आलं आहे.

घोडाही इथलाच का नसावा? दख्खनच्या पठारावरच्या भीमथडी घोड्याला, ज्याच्या पाठीवरून मराठे अटकेपर्यंत गेले म्हणतात, २०२४मध्ये स्वतंत्र जातीची मान्यता मिळाली. तो बुटका, काटक आणि कमी चंदीवर राहणारा. पाच तारा वर्गात तो जाणार नाही, पण मुलांच्या साठ-सत्तर सेंटिमीटरच्या वर्गात तो उत्तम चालेल. नंदुरबारजवळच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीला भरणाऱ्या यात्रेत असे देशी घोडे पाहणाऱ्याला त्यांच्या पायांची पारख करता येते.

आता मैदानाचा प्रश्न. रेसकोर्सचा भाडेकरार २०१३ला संपला आणि पुढची अकरा वर्षं त्या जमिनीवर नुसती चर्चा झाली. २०२४मध्ये निर्णय झाला. २११ एकरांपैकी १२० एकर महापालिकेकडे, सेंट्रल पार्कसाठी. ९१ एकर रेसकोर्स चालवणाऱ्या टर्फ क्लबकडे. किनारा रस्त्यालगतची भराव घातलेली जमीन जोडली की जवळजवळ तीनशे एकरांचं उद्यान होईल. दक्षिण मुंबईत एवढी मोकळी जमीन एका जागी पुन्हा कधीही मिळणार नाही.

उद्यान सर्वांचं असावं, याबद्दल वाद नाही. वरळी-लोअर परळच्या चाळींतल्या आणि टॉवरमधल्या मुलांना धावायला हिरवळ मिळाली पाहिजे. पण त्या आराखड्यात चालण्याच्या वाटा असतील, सायकलींच्या वाटा असतील, तर मातीची एक घोडवाटही असू शकते. लंडनच्या हाइड पार्कमध्ये अशी वाट शतकानुशतकं आहे आणि शेजारून लोक चालतात. दोन-तीन ठिकाणी मातीचे कृत्रिम उंचवटे, एक उथळ पाणवठा, आणि हलवता येतील असे लाकडी अडथळे. ब्रिटनमध्ये ८० सेंटिमीटरच्या वर्गाचा मार्ग साधारण दीड ते पावणेतीन किलोमीटरचा असतो. तो वळणं घेत थोड्या जागेत बसतो. वर्षातले दोन शनिवार-रविवार, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी ऊन चढायच्या आत. एरवी तीच वाट फिरायला येणाऱ्यांना मोकळी. अडथळे स्पर्धेच्या आठवड्यात आणायचे आणि नंतर उचलून न्यायचे.

असं झालं तर परळच्या पशुवैद्यकीय विद्यार्थ्यांना घोडा तपासायचा प्रत्यक्ष अनुभव मिळेल. क्लबमधल्या बारगीर मुलांना घाट न ओलांडता पहिली क्रॉस-कंट्री धावता येईल. आणि गिरगावातल्या, दादरमधल्या ज्या घरांना हा खेळ श्रीमंतांचा वाटतो, त्यांना तो कुंपणाबाहेर उभं राहून फुकट पाहता येईल. इव्हेंटिंगला तिकिटाचं स्टेडियम लागत नाही, प्रेक्षक अडथळ्यापासून अडथळ्यापर्यंत चालत जातो.

सेंट्रल पार्कचे आराखडे कागदावरून जमिनीवर उतरायचे आहेत. ते अंतिम होण्याआधी महापालिकेने, टर्फ क्लबने, अमॅच्युअर रायडर्स क्लबने आणि महासंघाने एकत्र बसून या वाटेसाठी दोन किलोमीटर माती राखून ठेवावी. आणि महालक्ष्मी-वरळीच्या ज्या नागरिकांना उद्यानाबद्दल सूचना करण्याची संधी मिळेल, त्यांनी आपल्या अर्जात घोडवाटेची एक ओळ जरूर लिहावी.